कंपनी तुम्हाला किती देते? घरगुती ऑडिओचे रिव्ह्यू आणि प्रामाणिकपणा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मराठीत घरगुती स्पीकर आणि ॲम्पचे (म्हणजे आवाज वाढवून स्पीकरला देणाऱ्या यंत्रांचे) रिव्ह्यू लिहितो. पुण्याच्या तपकीर गल्लीत वायर घ्यायला गेलो तरी दुकानदार ओळखीचं हसतो आणि हळूच विचारतो, "कंपनी तुम्हाला किती देते?" लग्नकार्यात भेटलेले नातेवाईकही तेच विचारतात. मला या प्रश्नाचा राग येत नाही. साधी स्टीरिओ स्पीकरची जोडी आणि बऱ्यापैकी ॲम्प घ्यायचा म्हटलं तर आज पन्नास-साठ हजार सहज जातात. कुणीतरी आमच्या चार शब्दांवर विसंबून ते पैसे खर्च करतो, तेव्हा ते शब्द कुठून आले हे विचारायचा त्याला पूर्ण हक्क आहे. म्हणून उत्तरं जरा सविस्तर देतो.

स्पीकर, ॲम्प वगैरे तुम्ही विकत घेता की कंपनी पाठवते?

दोन्ही. दहा हजारांच्या आतली वस्तू मी शक्यतो स्वतः विकत घेतो, दुकानातून, बिल घेऊन, कुणाला काही न सांगता. त्यापुढच्या वस्तू विकत घ्यायची माझी ऐपत नाही. त्या डिस्ट्रिब्युटरकडून उसन्या येतात, किंवा एखादा वाचक स्वतःच्या घरची जोडी आठवडाभर ऐकायला देतो. कोणती वस्तू कशी आली, ते पहिल्या परिच्छेदातच लिहितो. शेवटी बारीक अक्षरात लिहिलेलं कुणी वाचत नाही.

विकत घेण्याचा मी एवढा आग्रह का धरतो, ते एका अनुभवावरून सांगतो. एकदा एका कंपनीकडून बुकशेल्फ, म्हणजे फळीवर मावणारे छोटे स्पीकर आले. डावा आणि उजवा इतके जुळलेले की गायकाचा आवाज दोघांच्या बरोबर मधोमध खिळा ठोकल्यासारखा उभा राहायचा. मी भरभरून लिहिलं. चार महिन्यांनी एका वाचकाने तेच मॉडेल दुकानातून घेतलं आणि घेऊन माझ्याकडे आला, कारण त्याच्या घरी आवाज सतत डावीकडे ओढला जात होता. मोजून पाहिलं तर त्याच्या दोन ट्वीटरमध्ये (वरचे सूर वाजवणाऱ्या छोट्या भागांमध्ये) जवळपास दोन डेसिबलचा फरक निघाला. मला पाठवलेली जोडी कंपनीने निवडून, जुळवून पाठवली होती का, हे मी सिद्ध करू शकत नाही. पण तेव्हापासून उसन्या जोडीवर लिहिताना शक्य असेल तिथे दुकानातली दुसरी जोडीही ऐकतो, आणि ते जमलं नाही तर तसं लिहितो.

यातला सर्वांत स्वच्छ मार्ग अमेरिकेतल्या 'कन्झ्युमर रिपोर्ट्स'चा. १९३६ साली सुरू झालेली ही संस्था वस्तू दुकानातून विकत घेते आणि जाहिराती घेत नाही, खर्च मुख्यतः वाचकांच्या वर्गणीवर आणि देणग्यांवर चालतो. आपल्याकडेही ग्राहकाच्या बाजूने उभं राहण्याची परंपरा जुनी आहे. मुंबईत १९६६ साली 'कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया' सुरू झाली आणि १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत. पंचायतीच्या सामूहिक खरेदीतून घरी महिन्याचा किराणा आणणारी माणसं मी लहानपणापासून बघितली आहेत. ऑडिओसाठी मात्र मराठीत तसं कुणी उभं राहिलं नाही, याची मला खरोखर खंत आहे.

उसनी आलेली वस्तू परत जाते का?

जाते, आणि तारखेने जाते. सहा आठवडे हा माझा नियम आहे. येताना खोक्यावर तारीख लिहितो, जाताना कुरिअरची पावती फाइलला लावतो.

पाकिटात पैसे घालून देणारा माणूस मला आजवर भेटलेला नाही. या धंद्यातलं प्रलोभन फार सौम्य असतं. वाक्य ठरलेलं असतं: "सर, घाई नाही, राहू दे तुमच्याकडेच, रेफरन्स म्हणून वापरा." वर्षभर राहू दिलं की तो अडीच लाखांचा ॲम्प आपलाच वाटायला लागतो. घरातली मंडळी त्याला सरावतात. मग त्याच कंपनीचं पुढचं मॉडेल येतं, आणि त्याबद्दल वाईट लिहिलं तर आधीचा परत मागतील, हा विचार मनात आपोआप येतो. कुणी बोलून दाखवायची गरजच पडत नाही.

दुसरी गोष्ट रिव्ह्यूअरला मिळणाऱ्या खास दराची. परीक्षणासाठी आलेली वस्तू रिव्ह्यूअरला डीलरच्या भावात विकायची, हा प्रकार जगभर चालतो आणि वाचकांना तो फारसा माहीत नसतो. डीलरच्या भावात घेऊन वर्षाने बाजारभावाने विकली तर मधला फरक खिशात. हीसुद्धा कमाईच आहे. मी एकदाच अशी वस्तू घेतली आहे, एक फोनो स्टेज, म्हणजे रेकॉर्ड प्लेअरचा क्षीण आवाज वाढवणारं यंत्र. ती कितीला घेतली ते तेव्हाच लिहिलं होतं, आणि ती अजून माझ्याकडेच आहे.

जाहिराती घेता का? लिंकवर कमिशन मिळतं का?

ऑडिओ कंपन्यांच्या जाहिराती घेत नाही. कमिशनच्या लिंक देत नाही.

जे घेतात ते सगळे लबाड, असं मी म्हणत नाही. पण घेत असतील तर सांगायला हवं, आणि आता ते कायद्याने बंधनकारकही आहे. 'ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडिया' ही जाहिरात व्यवसायाची स्वनियमन संस्था. तिने २०२१ साली इन्फ्लुएन्सर मंडळींसाठी नियम केले: पैसे किंवा फुकट वस्तू मिळाली असेल तर ते ठळकपणे दाखवा. पुढे जून २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तोच गुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. शिफारस करणाऱ्यावर एक वर्षापर्यंत, आणि पुन्हा तेच केल्यास तीन वर्षांपर्यंत बंदी येऊ शकते. फुकट मिळालेला साउंडबार हाही मोबदलाच. "मला कंपनीने पैसे दिलेले नाहीत" एवढंच म्हणून साउंडबार घरी ठेवून घेणाऱ्याने अर्धंच सांगितलेलं असतं.

सगळे रिव्ह्यू चांगलेच कसे असतात? वाईट वस्तू येतच नाहीत का?

येतात. छापल्या जात नाहीत.

बऱ्याचदा यात लबाडीही नसते. रिव्ह्यूअर मुळात आवडेल अशीच वस्तू मागवतो. नाही आवडली तर मुकाट्याने परत पाठवतो, कारण वाईट लिहिण्यात वेळ, वाद आणि संबंध तिन्ही खर्च होतात. वाचकाला दिसतात ती फक्त उरलेली. मग लिहायची एक सांकेतिक भाषाही तयार होते. आवाज कर्कश असेल तर "थोडा फॉरवर्ड". बास नसेल तर "नेमका आणि आटोपशीर". खालचा वरचा दोन्ही सूर गायब असेल तर "अतिशय म्युझिकल". जुने शौकीन हे बरोबर ओळखतात. पहिल्यांदा स्पीकर घेणारी ताई किंवा दादा मात्र फसतो. आडून सांगितलेलं नेमकं त्यालाच कळत नाही, ज्याला सांगायची सर्वांत जास्त गरज असते.

माझ्याकडे आलेली आणि मी पूर्ण ऐकलेली प्रत्येक वस्तू छापली जाते, मग ती कशीही असो. याची किंमत मोजली आहे. एका फ्लोअरस्टँडरबद्दल (जमिनीवर उभ्या राहणाऱ्या उंच स्पीकरबद्दल) मी लिहिलं की बाईच्या आवाजात, तार षड्जाच्या वर, तो टोचतो, आणि सोबत मोजमापाचा आलेखही दिला. आठवड्याने फोन आला. पलीकडचा मुलगा सज्जन होता, अवघडला होता. "सर, तुम्ही लिहिलंय ते बरोबरच असेल, पण साहेबांनी पुढच्या शिपमेंटमधलं काही तुमच्याकडे पाठवू नका म्हणून सांगितलंय." दोन वर्षं त्यांच्याकडून काही आलं नाही. त्यांची पुढची दोन मॉडेल्स वाचकांनी स्वतःची आणून दिली म्हणून लिहिता आली. त्यातलं एक उत्तम होतं, आणि मी उत्तमच लिहिलं.

छापण्याआधी मजकूर कंपनीला दाखवता का?

मत दाखवत नाही. किंमत, वजन, इनपुट किती, वॉरंटी किती, एवढं विचारून तपासून घेतो. मोजमापात काही विचित्र दिसलं तर मात्र कंपनीला नक्की कळवतो, कारण पीस प्रवासात बिघडलेला असू शकतो. दोनदा तसं निघालंही. बदली पीस मागवला की पहिला बिघडला होता हेही लिहितो, कारण वाचकाकडे बदली पीस इतक्या लगबगीने येणार नसतो.

'स्टीरिओफाइल' या अमेरिकी ऑडिओ मासिकाची एक पद्धत मला मनापासून पटते. ऐकणारा माणूस आपलं मत लिहून देईपर्यंत त्याला मोजमापं दाखवत नाहीत, मग दोन्ही शेजारी शेजारी छापतात, आणि निर्मात्याचं म्हणणंही छापतात. कान आणि यंत्र यांचं जुळलं नाही तर ते वाचकाच्या समोर येतं. हे मासिक जे. गॉर्डन होल्ट यांनी १९६२ साली काढलं, तेच मुळी आधीच्या नोकरीत जाहिरातदारांचं वजन कसं पडतं हे पाहून. १९७३ साली हॅरी पिअरसन यांनी 'द ॲब्सोल्यूट साउंड' काढलं, तेव्हा सुरुवातीला निर्मात्यांच्या जाहिराती घ्यायच्या नाहीत असं ठरवलं होतं. पुढे दोन्हीकडे जाहिराती आल्याच. कागद, छपाई, पगार यांचं गणित सुटत नाही, हे मी समजू शकतो.

वाईट लिहिलं म्हणून कंपनीने कोर्टात खेचलं तर?

असं घडलं आहे, आणि ते प्रकरण प्रत्येक रिव्ह्यूअरने वाचावं. मे १९७० च्या अंकात 'कन्झ्युमर रिपोर्ट्स'ने बोस ९०१ या स्पीकरबद्दल लिहिलं की त्यात एकेक वाद्य प्रचंड आकाराचं वाटतं आणि खोलीभर भटकत असल्यासारखं ऐकू येतं. बोसने खटला भरला. तो मजकूर लिहिणाऱ्या अभियंत्याने साक्षीत सांगितलं की वाद्यं दोन स्पीकरच्या मधल्या भिंतीच्या रेषेत सरकत होती. खालच्या कोर्टाने मासिकाविरुद्ध निकाल दिला, अपिलात तो फिरला, आणि १९८४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मासिकाच्या बाजूने कौल दिला. नेमका शब्द चुकला असला तरी जाणूनबुजून खोटं लिहिल्याचं त्यातून सिद्ध होत नाही, असा त्याचा मथितार्थ.

म्हणजे "भिंतीच्या रेषेत" ऐवजी "खोलीभर" लिहिलं आणि अंक निघाल्यापासून निकालापर्यंत १४ वर्षं गेली. त्या संस्थेकडे वकील होते. आपल्याकडे बदनामीचा दावा दिवाणीही होतो आणि फौजदारीही, आणि एकट्या माणसाला पहिल्या नोटिशीतच घाम फुटतो. त्यामुळे मी एक शिस्त पाळतो. "हा स्पीकर भिकार आहे" असं लिहीत नाही. "माझ्या खोलीत, अमुक ॲम्पवर, अमुक आवाजाला हे ऐकू आलं" असं लिहितो. यात भित्रेपणा नाही. खरं तर एवढंच मला माहीत असतं.

म्हणजे पैसे घेतले नाहीत, वस्तू परत केली, की रिव्ह्यू प्रामाणिक झाला?

नाही. हा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून इथे थांबून सांगतो.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे दोन ॲम्प होते. एक माझा जुना, एक उसना आलेला, चौपट किमतीचा, जाड ॲल्युमिनियमच्या दर्शनी पट्टीचा. तीन आठवडे आलटून पालटून ऐकले. महागड्यात तानपुऱ्याची जवारी जास्त उघडी वाटली, डग्ग्याला खोली वाटली, गायकाच्या श्वासाची जागा कळली. तसं लिहिलंही. कुणी एक रुपया दिला नव्हता. मला ते खरोखर ऐकू येत होतं.

मग एका वाचकाने विचारलं, "आवाजाची पातळी कशी जुळवली होती?" मी कानाने जुळवली होती. लाजत मल्टिमीटर काढला, स्पीकरच्या टोकांना लावला, एकच चाचणीचा सूर दोन्हीवर वाजवला. नॉब मी ज्या खुणेवर ठेवत होतो तिथे माझा जुना २.८३ व्होल्ट देत होता आणि महागडा ३.१०. म्हणजे ०.८ डेसिबल जास्त. एवढा फरक "जास्त मोठा" असा कळत नाही, "जास्त चांगला" असा कळतो. या धंद्यातली ही सर्वांत जुनी फसगत आहे, आणि डेमो रूममध्ये ती रोज होते.

मग पुन्हा बसलो. दोन्ही ॲम्प ०.१ डेसिबलच्या आत आणले. पुढे दोरीवर चादर टांगली, मागे स्विचबॉक्स, आणि तिथे माझी भाची. तिने दर वेळी नाणं उडवायचं, छापा आला तर एक, काटा आला तर दुसरा, आणि वहीत लिहायचं. पहिल्या चार वेळा ती "मामा, झालं" म्हणायची. पाचव्या वेळी माझ्या लक्षात आलं की जेव्हा नाणं आधीचंच पडायचं आणि काही बदलायचं नसायचं, तेव्हा तिचं "झालं" जरा लवकर आणि हसऱ्या आवाजात यायचं. मी ॲम्प ऐकतच नव्हतो, भाचीला ऐकत होतो. ते चारही गुण रद्द केले. मग ठरवलं की तिने बोलायचं नाही, दर वेळी दहा मोजून मगच पेन्सिलने टेबलावर एक टिचकी मारायची. १६ वेळा केलं. ९ बरोबर आले. १६ पैकी १२ किंवा जास्त बरोबर येण्याची नशिबाने शक्यता शंभरात चारच्या आसपास असते, तेव्हा १२ आले असते तर काही म्हणता आलं असतं. ९ म्हणजे नाणेफेकच.

मी आधीच्या रिव्ह्यूच्या माथ्यावर हे सगळं लिहिलं. डिस्ट्रिब्युटर नाराज झाला, तेही समजण्यासारखं आहे. पण त्या ॲम्पवर मी खोटं लिहिलं होतं का? नाही. खरं लिहिलं होतं का? तेही नाही.

हे फक्त माझ्या कानांचं नाही. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या ध्वनिसंशोधकांनी १९९४ साली मांडलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. स्पीकर बनवणाऱ्या हरमन कंपनीच्या ४० कर्मचाऱ्यांना चार स्पीकर ऐकवले, आधी पडद्याआडून आणि मग समोर ठेवून. पडद्याआड ज्या लहान, स्वस्त दिसणाऱ्या सेटने मोठ्या स्पीकरांच्या बरोबरीने गुण मिळवले, त्याचेच गुण तो डोळ्यांना दिसल्यावर घसरले. हे लोक ऑडिओच्याच धंद्यातले होते. विकले गेलेले नव्हते, नुसते बघत होते.

मला केबलचा फरक स्पष्ट ऐकू येतो. मी खोटं बोलतोय असं म्हणायचंय का?

अजिबात नाही. तुम्हाला ऐकू येतंय यावर माझा पूर्ण विश्वास आहे, वर सांगितल्याप्रमाणे मलाही आलं होतं. प्रश्न एवढाच की केबलचं नाव झाकल्यावरही येतं का. घरी करून बघा. मदतीला कुणीतरी घ्या, नाणं उडवा, वहीत लिहा. १६ पैकी १३ आले तर मला आवर्जून कळवा, मी माझं सामान घेऊन तुमच्या घरी येईन.

२००७ साली मायर आणि मोरन यांनी असाच प्रयोग हाय-रेझोल्यूशन, म्हणजे सीडीपेक्षा जास्त बारकाईने नोंदवलेल्या ध्वनिमुद्रणांवर केला. मूळ हाय-रेझ आवाज, आणि तोच मधे सीडीच्या दर्जाच्या टप्प्यातून काढलेला आवाज. ५५४ वेळा विचारलं, २७६ उत्तरं बरोबर आली. निम्म्याला एकच कमी. या प्रयोगावर आक्षेपही घेतले गेले आणि ते वाचण्यासारखे आहेत. पण वादाची पद्धत हीच हवी, असं मला वाटतं.

मग मोजमापच करा की. कानांनी ऐकायचं कशाला?

मोजमापाने माझं फार भलं केलं आहे, पण आकडाही विकाऊ असतो. ज्यांनी नव्वदच्या दशकात टू-इन-वन (रेडिओ आणि कॅसेट एकत्र) घेतला त्यांना त्यावरचा "पीएमपीओ" हा वॅटचा आकडा आठवत असेल. आमच्याकडच्या डेकवर समोर चकचकीत अक्षरात १२०० वॅट पीएमपीओ लिहिलेलं होतं. एकदा धूळ पुसताना मी मागची पट्टी वाचली: वीजवापर २५ वॅट. मी दहावीत होतो. भिंतीतून २५ घेऊन १२०० कुठून काढणार, असं बाबांना विचारलं. ते बराच वेळ त्या पट्टीकडे बघत राहिले. पीएमपीओ मोजायची कुठलीही ठरलेली पद्धतच नव्हती, ज्याला जो आकडा आवडेल तो. अमेरिकेत वॅटच्या अशाच फुगवलेल्या दाव्यांना आळा घालायला फेडरल ट्रेड कमिशनने १९७४ साली नियम केला. आजही ब्लूटूथ स्पीकरच्या खोक्यावर वॅट वाचून कुणी खरेदी करत असेल तर आधी त्याचा ॲडॉप्टर किती वॅटचा आहे ते बघा.

म्हणून मोजमापाबरोबर ते कसं केलं ते सांगणं आलं. माइक किती अंतरावर, स्पीकर किती उंचीवर, आलेखाची उभी पट्टी किती डेसिबलची. उभी पट्टी १०० डेसिबलची घेतली की कुठलाही ओबडधोबड स्पीकर टेबलासारखा सपाट दिसतो.

आणि कान लागतातच, कारण आपण आलेखात राहत नाही, खोलीत राहतो. माझा हॉल १२ बाय १० चा. खाली व्हिट्रिफाइड टाइल्स, तीन बाजूंना सिमेंटच्या भिंती, वर पंखा. १२ फुटांच्या लांबीत ४७ हर्ट्झच्या आसपास आणि १० फुटांच्या रुंदीत ५६ च्या आसपास खोली स्वतःच घुमते. विलायती रिव्ह्यूमध्ये "बास जरा कमी" म्हटलेला स्पीकर माझ्याकडे भिंतीजवळ ठेवला की पुरून उरतो. तिकडे लाकडी फरशी, गालिचा, मोठी खोली असते. मी मागच्या भिंतीवर दोन जाड गोधड्या टांगल्या तेव्हा वरच्या सुरांचा खणखणाट जेवढा कमी झाला, तेवढा कुठल्याच केबलने झाला नव्हता. आपल्या घरांत काय ऐकू येईल हे आपल्याच घरात बसलेल्या माणसाने सांगायला हवं, आणि मराठीत रिव्ह्यू लिहिण्याचं माझं मुख्य कारण हेच आहे.

महाग वस्तू खरंच चांगली असते का?

कधी असते. कधी खोकं उघडावं लागतं. २०१० साली 'ऑडिओहोलिक्स' या ऑडिओ वेबसाइटने लेक्सिकॉनचा बीडी-३० हा साधारण ३,५०० डॉलरचा ब्लू-रे प्लेअर उघडला, तर आत ओप्पोचा बीडीपी-८३, म्हणजे साधारण ५०० डॉलरचा प्लेअर, त्याच्या सांगाड्यासकट बसवलेला निघाला. एक स्क्रूड्रायव्हर जे सांगू शकतो ते दहा पानांच्या वर्णनाला सांगता येत नाही.

दुसरं उदाहरण यंत्राचं नाही, रेकॉर्डचं आहे, पण याच दुखण्याचं. जुनी ध्वनिमुद्रणं नव्याने काढणाऱ्या 'मोबाइल फिडेलिटी' या कंपनीच्या महागड्या एलपी संपूर्ण ॲनालॉग साखळीतून, म्हणजे मधे कुठेही डिजिटल न होता, आलेल्या आहेत असं शौकीन आणि समीक्षक धरून चालले होते. जुलै २०२२ मध्ये फिनिक्स शहरातल्या एका रेकॉर्ड विक्रेत्याने उघड केलं की मधे डिजिटल टप्पा आहे. कंपनीच्या अभियंत्यांनी ते मान्य केलं, दावे झाले, आणि २.५ कोटी डॉलरपर्यंतची तडजोड झाली. "डिजिटल असेल तर मला लगेच कळतं" म्हणणाऱ्या कितीतरी जाणत्या कानांनी त्या रेकॉर्ड वर्षानुवर्षं डोक्यावर घेतल्या होत्या. रेकॉर्ड सुरेख वाजत होत्या, हे खरंच होतं. लोकांनी मात्र आवाजाबरोबर वेष्टनही ऐकलं होतं.

डीलर तुमचे मित्र आहेत ना?

दोघे आहेत, त्यातला एक कॉलेजपासूनचा. दिवाळीला फराळाचा डबा येतो, आमच्याकडूनही जातो. एका वर्षी डब्याखाली हेडफोनचं खोकं होतं. चकली ठेवली, हेडफोन परत केले. "अरे, भाचीसाठी आहेत," तो म्हणाला. तो मनापासून म्हणत होता, म्हणूनच नाही म्हणणं जड गेलं. तो एकटाच ज्या ब्रँडचा डीलर आहे त्याबद्दल मी लिहीत नाही. इतरांबद्दल लिहितो तेव्हा मैत्रीचा उल्लेख करतो. परदेशातल्या कारखान्याच्या दौऱ्याला, विमान-हॉटेल कंपनीचं असताना, गेलेलो नाही. जायची इच्छा खूप आहे.

ऑनलाइन दुकानांवरच्या ताऱ्यांवर विश्वास ठेवावा का?

आकड्यावर नको, तक्रारींवर ठेवा. पाचपैकी साडेचार काहीच सांगत नाही. "आठ महिन्यांत डावा चॅनेल गेला, सर्व्हिस सेंटर नाशिकला नाही" हे खूप सांगतं. २०२२ साली भारतीय मानक ब्यूरोने ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानक आणलं, पाऊल चांगलं आहे. तरीही एकाच दिवशी आलेले, एकाच सुरातले वीस अभिप्राय दिसले तर पुढे चला.

तुमच्या आवडीनिवडी आड येत नाहीत का?

येतात, म्हणून त्या सांगून टाकतो. मी बहुतेक वेळ हिंदुस्थानी गायन ऐकतो, हळू आवाजात, रात्री. मला मधला सप्तक स्वच्छ लागतो आणि सिनेमातले स्फोट नाही लागले तरी चालतं. तुम्ही ढोल-ताशा किंवा इलेक्ट्रॉनिक संगीत ऐकत असाल तर मला "पुरेसा" वाटलेला बास तुम्हाला पुरणार नाही.

माझ्या हॉलसाठी नेमका कोणता स्पीकर घेऊ, एवढंच सांगा.

तुमचा हॉल मी पाहिलेला नाही, तेव्हा नाव सांगत नाही. दुकानात जाताना तुमच्या रोजच्या ऐकण्यातल्या तीन गोष्टी घेऊन जा. एक बाईचा आवाज, एक पुरुषाचा आणि एक तबल्याची. दोन स्पीकरची तुलना करताना डीलरला सांगा, दोन्हींची पातळी जुळवा. फोनवरचं मोफत डेसिबल ॲप फार अचूक नसतं, पण दोहोंसाठी एकच फोन, एकाच जागी धरला तर काम भागतं. मोठ्या आवाजाने सुरुवात करू देऊ नका. पंखा आणि एसी चालू असताना ऐकू नका, पण घरी तुम्ही पंख्याखालीच ऐकणार असाल तर शेवटी पाच मिनिटं तो लावून ऐका. आणि निघताना विचारा, "दोन दिवस घरी नेऊन ऐकू द्याल का? हवं तर पूर्ण रक्कम ठेव म्हणून घ्या." जो दुकानदार हो म्हणेल त्याच्याकडून घ्या, हजार-दोन हजार जास्त गेले तरी चालतील.